सीडी-४ आणि डी-डायमर : एचआयव्हीबाधित रक्तातील दोन खुणा

एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या प्रकृतीचा विचार भारतात दीर्घकाळ एकाच आकड्याभोवती फिरत आला आहे, आणि तो आकडा म्हणजे रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये असणाऱ्या सीडी-४ पेशींची संख्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून विषाणूविरोधी औषधे, म्हणजेच एआरटी, मोफत मिळू लागली, तेव्हा ती कोणाला सुरू करायची हे पुष्कळ अंशी याच आकड्यावर ठरत असे. तो २०० च्या खाली, पुढे ३५० च्या खाली, असे निकष वेळोवेळी सैल होत गेले आणि अखेर २०१७ मध्ये ही अटच काढून टाकून निदान होताच प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण देशाने स्वीकारले. अट गेली तरी सवय गेलेली नाही. एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांमध्ये ‘सीडी-फोर किती आला?’ हाच प्रश्न आजही विचारला जातो आणि उत्तर मोठे असेल तर आता सारे ठीक झाले असा समज करून घेतला जातो. या समजात तथ्य आहे, पण ते अर्धेच. कारण एचआयव्ही शरीरात जे नुकसान करतो त्याचा एक मोठा भाग पेशींच्या मोजणीत उमटत नाही आणि रक्त गोठण्याच्या क्रियेत मात्र उमटतो.

सीडी-४ हे पेशीचे नाव नसून काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या एका प्रथिनाचे नाव आहे. हे प्रथिन ज्यांच्यावर ठळकपणे असते त्या मदतनीस टी-पेशी जंतूवर स्वतः हल्ला करण्यापेक्षा इतर पेशींना कामाला लावतात. प्रतिपिंडे कोणी बनवायची, बाधित पेशी कोणी मारायच्या, क्षयाच्या जंतूला गिळलेल्या भक्षकपेशींनी त्याला कसे जखडून ठेवायचे, याचे इशारे त्यांच्याकडून जातात. एचआयव्ही नेमका याच प्रथिनाला चिकटून आत शिरतो. निरोगी प्रौढ माणसात या पेशी साधारणतः ५०० ते १,५०० असतात. उपचाराविना वर्षानुवर्षे त्या घटत जातात आणि २०० च्या खाली गेल्यावर न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया किंवा मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मोसिस यांसारखे, एरवी माणसाच्या वाटेला न जाणारे संधिसाधू आजार डोके वर काढतात. विशेष म्हणजे नष्ट होणाऱ्या पेशींपैकी अनेकींमध्ये विषाणूची पुरती वाढ झालेलीच नसते. सततच्या दाहामुळे, अर्धवट राहिलेल्या संसर्गामुळे आणि अति चेतवल्या गेल्यामुळे त्या मरतात. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या दाहात आहे.

ही मोजणी जितकी नेमकी वाटते तितकी ती नसते. शिरेतून काढलेले रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, कारण त्या नळीतील ईडीटीए हे रसायन रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि रक्त गोठू देत नाही. मग त्या रक्तात चकाकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. ती फक्त सीडी-४ असलेल्या पेशींना चिकटतात, आणि फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात पेशींची एकेरी रांग लेझर किरणासमोरून जाऊ लागली की ज्या पेशी अपेक्षित रंगात चमकतात त्या मोजल्या जातात. पण मोजला जातो तो शरीराचा अगदी लहानसा हिस्सा. शरीरातील एकूण लसिकापेशींपैकी जेमतेम २ टक्के पेशी कोणत्याही क्षणी रक्तात असतात आणि बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा व आतड्याचे अस्तर यांत वस्तीला असतात. शिवाय दिवसाची वेळ, चालू असलेले दुखणे, गरोदरपण, काही औषधे या सर्वांनी आकडा खालीवर होतो. म्हणून गेल्या खेपेस ५२० होता आणि आता ४६० आला एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. पाहायचा असतो तो अनेक अहवालांतून दिसणारा कल, आणि त्याच्या जोडीला रक्तातील विषाणूंचे प्रमाण सांगणारी व्हायरल लोड ही चाचणी.

आता दुसऱ्या खुणेकडे वळता येईल. डी-डायमर हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते २०२० आणि २०२१ मधील कोविडच्या साथीत, पण ही चाचणी त्याहून कितीतरी जुनी आहे. रक्तवाहिनीला इजा झाली की रक्तातील गोठणघटक एकामागून एक जागे होतात आणि त्यांच्या साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन हे विकर तयार होऊन ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणाऱ्या फायब्रिनमध्ये रूपांतर करते. फायब्रिनचे धागे एकमेकांना घट्ट सांधले जातात, त्यांच्या जाळीत रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. शरीर ही गुठळी कायम ठेवत नाही. प्लाझ्मिन नावाचे दुसरे विकर ती जाळी कातरत जाते, आणि सांधलेल्या धाग्यांचे जे विशिष्ट तुकडे या कातरण्यातून रक्तात उतरतात त्यांना डी-डायमर म्हणतात. म्हणजे हा तुकडा सापडण्यासाठी रक्त कोठेतरी गोठलेले असावे लागते आणि ती गुठळी विरघळू लागलेली असावी लागते. राखेवरून जाळ झाला होता एवढे समजते, पण त्यावर काय शिजले हे समजत नाही, तशीच या चाचणीची गत आहे. वाढते वय, गरोदरपण, शस्त्रक्रिया, कर्करोग, क्षय, न्यूमोनिया, यकृताचे आजार यांपैकी कशानेही डी-डायमर वाढू शकते, आणि म्हणूनच ते एखाद्या आजाराचे निदान करण्यापेक्षा पायातील किंवा फुप्फुसातील गुठळीची शक्यता बाजूला सारण्यासाठी अधिक उपयोगी पडते.

एचआयव्हीबाधितांमध्ये हे तुकडे वाढलेले का आढळतात, याचे उत्तर आतड्यापासून सुरू होते. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींचा मोठा फडशा पाडतो. तेव्हा रक्तातला आकडा अजून बरा दिसत असतो आणि माणसाला चार दिवसांच्या तापापलीकडे काही जाणवलेलेही नसते. या पेशी गेल्याने आतड्याची भिंत दुबळी होते आणि आत राहणाऱ्या जीवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तप्रवाहात झिरपू लागतात. त्या तुकड्यांची चाहूल मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना लागते आणि त्या आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन आणतात. एरवी हे प्रथिन रक्ताच्या संपर्कात नसते, ते रक्तवाहिनीबाहेरच्या ऊतींमध्ये असते, आणि वाहिनी फाटल्यावर रक्ताशी त्याची गाठ पडून गोठण्याची साखळी सुरू होते. येथे मात्र जखम नसताना वाहत्या रक्तातच ही साखळी जरा जरा चालू राहते. त्यात भर म्हणून रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर चेतवले जाऊन बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, चिकटवून घेणारे घटक सोडते, आणि गोठणे आवरते घेणाऱ्या प्रथिनांपैकी प्रोटीन एस सारखे काही घटक अनेक बाधितांमध्ये कमी पडतात. एचआयव्हीमुळे पुष्कळांच्या प्लेटलेट्स घटतात हे खरे आहे, परंतु प्लेटलेट्स कमी म्हणजे गुठळीचा धोका नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात एकाच वेळी असू शकतात.

या सूक्ष्म घडामोडींचे मोल वैद्यकाला कळले ते एका मोठ्या चाचणीच्या अनपेक्षित निकालामुळे, आणि त्या चाचणीची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. २००० च्या आसपास एचआयव्हीची औषधे प्रभावी असली तरी त्यांचे दुष्परिणाम जड होते. चेहऱ्यावरची व हातापायांवरची चरबी झडणे, नसांना बधिरता येणे, रक्तातील मेद वाढणे अशा तक्रारी सर्रास असत आणि औषधांमुळेच हृदयविकार वाढेल अशी रास्त भीती होती. तेव्हा ज्यांचा सीडी-४ चांगला आहे त्यांना औषधांतून मधूनमधून विश्रांती दिली तर काय होईल, हे पाहण्यासाठी जानेवारी २००२ मध्ये स्मार्ट या नावाने ओळखली जाणारी चाचणी सुरू झाली. ३३ देशांतील ५,४७२ जण तीत सहभागी झाले आणि सर्वांचा सीडी-४ सुरुवातीला ३५० च्या वर होता. निम्म्यांनी औषधे अखंड घ्यायची, तर उरलेल्यांनी ती थांबवून सीडी-४ २५० च्या खाली गेल्यावरच पुन्हा सुरू करायची आणि ३५० च्या वर आल्यावर पुन्हा थांबवायची, अशी योजना होती. विचार तर्काला धरून होता. सीडी-४ धोक्याच्या पातळीवर जाऊच द्यायचा नाही, मग बिघडेल काय?

बिघडले ते पुष्कळ. जानेवारी २००६ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच आवरती घ्यावी लागली, कारण औषधे थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यू यांचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या अडीच पटींहून अधिक निघाले. औषधे थांबवणाऱ्या गटात ५५ आणि दुसऱ्यात ३० जण दगावले होते. अधिक बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही, की बहुतेक मृत्यू एड्सच्या आजारांनी झालेलेच नव्हते, आणि हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे गंभीर विकारही औषधे थांबवणाऱ्या गटातच जास्त आढळले. ज्या हृदयाला औषधांपासून वाचवायचे होते त्यालाच औषधांच्या अभावाने इजा झाली. सीडी-४ चा आकडा या नुकसानाचे पुरेसे स्पष्टीकरण देऊ शकत नव्हता.

ते स्पष्टीकरण शीतकपाटात ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत मिळाले. दगावलेल्या ८५ जणांचे चाचणीच्या आरंभीचे नमुने बाहेर काढून त्यांची तुलना जिवंत राहिलेल्या, वय वगैरे बाबतींत त्यांच्याशी जुळणाऱ्या सहभागींच्या नमुन्यांशी करण्यात आली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते दोन घटकांचे : एक म्हणजे दाह सूचित करणारे इंटरल्युकिन-६ आणि दुसरे डी-डायमर. डी-डायमरच्या पातळीनुसार सहभागींचे चार समान भाग केले असता सर्वांत वरच्या भागातील व्यक्तींमध्ये मृत्यूची शक्यता सर्वांत खालच्या भागाच्या १२ पटींच्या घरात भरत होती. याहून बोलकी होती ती पुढची नोंद. औषधे थांबवल्यावर अवघ्या महिनाभरात डी-डायमर १६ टक्क्यांनी आणि इंटरल्युकिन-६ सुमारे ३० टक्क्यांनी वाढले होते, आणि ही वाढ रक्तात परतलेल्या विषाणूंच्या प्रमाणाशी जोडलेली होती. सीडी-४ अजून सुरक्षित पट्ट्यात असताना रक्तवाहिन्यांत मात्र दाह आणि गोठणे यांचे चक्र पुन्हा सुरू झाले होते.

याच काळात उलट बाजूने आणखी एक धडा मिळाला आणि सीडी-४ च्या आकड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी तो विसरू नये. इंटरल्युकिन-२ या पदार्थाची इंजेक्शने दिली की सीडी-४ पेशी वाढतात हे माहीत होते, तेव्हा नेहमीच्या औषधांच्या जोडीला तीही दिली तर रुग्ण अधिक निरोगी राहतील, या आशेने एस्प्रिट आणि सिलकाट या दोन चाचण्या हाती घेतल्या गेल्या. एस्प्रिटमध्ये चार हजारांवर लोक होते आणि इंजेक्शने घेणाऱ्यांचा सीडी-४ इतरांहून सरासरी १६० च्या आसपास जास्त राहिला. २००९ मध्ये निकाल लागला तेव्हा आजार आणि मृत्यू मात्र तसूभरही कमी झालेले नव्हते. या इंजेक्शनांच्या प्रत्येक फेरीनंतर डी-डायमर आणि दाह दाखवणारे सीआरपी काही काळ वाढत असल्याचेही स्वतंत्रपणे दिसून आले. पेशी मोजणीत वाढल्या, पण त्या वाढवण्याच्या खटाटोपात दाह शमला नाही. आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

मग या दोन खुणांचे आपसातले नाते कसे समजावे? सर्वसाधारणपणे सीडी-४ जितका कमी तितके डी-डायमर जास्त आढळते, आणि २०० च्या खाली गेलेल्या रुग्णांत शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोकाही वाढलेला असतो. परंतु एक आकडा दुसऱ्याला थेट ढकलतो असे नव्हे. दोघांच्या मागे उभे असतात ते वाढत राहणारे विषाणू आणि त्यांनी चेतवलेला दाह. सीडी-४ हा आजवर किती पडझड झाली याचा हिशेब आहे, तर डी-डायमर पडझड सध्या चालू आहे का, याचा अंदाज देते. म्हणून ६०० सीडी-४ असलेल्या, पण औषधे न घेणाऱ्या माणसाच्या रक्तात दाह पेटलेला असू शकतो, आणि १५० सीडी-४ असलेल्या, पण सहा महिने नेमाने गोळ्या घेणाऱ्या माणसात तो बराच ओसरलेला असू शकतो. या दुसऱ्या माणसाला संधिसाधू आजारांचा धोका अजून आहेच, तेव्हा एकाच आकड्याने दोघांनाही तोलणे वैद्यकीय दृष्ट्या चूक ठरते.

या समजुतीचा सर्वांत मोठा परिणाम उपचाराच्या वेळेवर झाला. सीडी-४ ५०० च्या वर असतानाच औषधे सुरू केल्याने लाभ होतो का, हे स्टार्ट या चाचणीत ३५ देशांतील ४,६८५ व्यक्तींमध्ये तपासले गेले आणि २०१५ मध्ये उत्तर आले की लगेच उपचार घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यू यांचा धोका ५७ टक्क्यांनी कमी होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना उपचार देण्याची शिफारस केली आणि दोन वर्षांनी भारताने ती अंगीकारली. आज येथे बहुतांश प्रौढांना दिली जाणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर यांची दिवसाला एक गोळी २००४ मधील औषधांपेक्षा सोसायला कितीतरी सोपी आहे, त्यामुळे औषधांना विश्रांती देण्याचे जुने कारणही उरलेले नाही.

तरीही सारे मिटले असे म्हणता येत नाही. उत्तम उपचाराने विषाणू मोजणीच्या खाली गेल्यावर डी-डायमर बरेच उतरते, पण अनेकांमध्ये ते बाधा नसलेल्या समवयस्कांइतके खाली येत नाही. आतड्याची भिंत पुरती सांधली जात नाही, पेशींमध्ये दडून राहिलेला विषाणू थोडी कुरबुर करीत राहतो आणि सायटोमेगॅलोव्हायरससारखे इतर संसर्ग दाहाला खतपाणी घालतात. रक्त पातळ ठेवणारे औषध देऊन हा प्रश्न सुटेल का, हेही पाहून झाले आहे. एडोक्साबान या औषधाच्या एका लहान चाचणीत डी-डायमर ठळकपणे घटले, मात्र दाह दाखवणारे घटक जागचे हलले नाहीत आणि रक्तस्राव व काळेनिळे डाग वाढले. गोठणे हा दाहाचा परिणाम असून केवळ परिणाम दाबून मूळ कारण जात नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो. याउलट रिप्रीव्ह या चाचणीत भारतासह १२ देशांतील ७,७६९ बाधितांना सहभागी करून त्यांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध देण्यात आले, आणि २०२३ मध्ये असे जाहीर झाले की त्यामुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. या सर्वांचे वय ४० ते ७५ होते आणि हृदयविकाराचा रूढ धोका कमी ते मध्यमच होता. तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे आणि चाळिशीनंतर डॉक्टरांशी स्टॅटिनविषयी बोलणे, हे उपाय बाधितांसाठी इतरांपेक्षा अधिक निकडीचे आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. वरील सर्व निष्कर्ष हजारो व्यक्तींच्या समूहांतून निघालेले आहेत, आणि समूहात अर्थपूर्ण ठरणारी चाचणी एकट्या माणसाचे भविष्य सांगते असे नाही. एचआयव्हीच्या नेहमीच्या देखरेखीसाठी डी-डायमर तपासण्याची शिफारस नाही, आणि कोविडच्या काळात लागलेल्या सवयीने खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून ते तपासून घेण्यात हशील नाही. ही चाचणी नाजूकही आहे. तिच्यासाठी निळ्या झाकणाची, सायट्रेट घातलेली नळी लागते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखण्यासाठी रक्त खुणेपर्यंत भरावेच लागते. नळी अपुरी भरली की निकाल भरवशाचा राहत नाही. काही प्रयोगशाळा निकाल फायब्रिनोजेनच्या तुल्य एककात देतात तर काही थेट डी-डायमरच्या एककात, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. एकक न पाहता दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवले तर नसलेली वाढ दिसू लागते.

लक्षणे असतील तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखणे, एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, चेहरा वाकडा होणे किंवा एक हात लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास एआरटी केंद्राच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे. तेथे चालू असलेल्या सर्व औषधांची नावे डॉक्टरांना सांगणे टाळू नये, कारण गुठळीवरची अनेक औषधे रिटोनाव्हिरसारख्या एचआयव्हीवरील औषधांबरोबर किंवा क्षयावरच्या रिफाम्पिसिनबरोबर घेतली तर त्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढते अथवा निरुपयोगी होण्याइतके घटते. संकोचापोटी ही माहिती दडवली जाते आणि त्याची किंमत मोठी असते. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारण्यास किंवा दुजाभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे आणि येथे औषधे तुटण्याची कारणे बहुधा वैद्यकीय नसतात. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणारी कुटुंबे, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर मुक्काम हलवणारे मजूर, सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपवणाऱ्या सुना, आणि सीडी-४ आठशे झाला म्हणून आपण बरे झालो असे मानणारे तरुण, या सर्वांच्या बाबतीत एका महिन्याचा खंडही रक्तवाहिन्यांना जाणवण्याजोगा असतो, हे स्मार्ट चाचणीने दाखवून दिले आहे. गाव सोडण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात तसे सांगून वाढीव गोळ्या मागाव्यात, त्या संपत आल्यास जिथे असाल तेथल्या केंद्रात आपली पुस्तिका दाखवावी, आणि केंद्र कोठे आहे हे माहीत नसेल तर १०९७ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून विचारावे.